बालरुग्णाच्या खाटेशी अंगाई

चार-पाच वर्षांचे मूल रुग्णालयात दाखल झाले म्हणजे आजाराहून भीतीच त्याला अधिक छळते. अनोळखी खाट, औषधांचा दर्प आणि कोणत्याही क्षणी येणारी सुई. मूल अंग ताठ करते, शीर सापडत नाही, पुन्हा टोचावे लागते; हातपाय धरण्यात दोन माणसे गुंततात. अर्थशास्त्र शिकविणाऱ्याला येथे प्रथम दिसतो तो खर्च, कोणत्याच अंदाजपत्रकात न नोंदलेला.

यावर संगीताचा उपाय सुचविला की आपल्याकडे तो श्रीमंती चोचला ठरतो. कॅनडातील एडमंटन येथील एका चाचणीचे निष्कर्ष २०१३ साली प्रसिद्ध झाले. ३ ते ११ वर्षांच्या ४२ मुलांपैकी काहींना शिरेत सुई घालताना गाणी ऐकविली होती. एकंदर अस्वस्थतेतील फरक ठळक नव्हता, हे सांगितलेच पाहिजे. परंतु गाणी ऐकणाऱ्यांची वेदना वाढली नाही, इतरांची वाढली, आणि सुई घालणाऱ्यांनाही काम सोपे गेले.

तथापि दौंड आणि शिरूरच्या सरकारी रुग्णालयांसाठी ध्वनिक्षेपक मागणे मला अप्रस्तुत वाटते. थाटाने उद्घाटन व्हायचे आणि सहा महिन्यांत यंत्र मुके व्हायचे, हा क्रम आपल्या परिचयाचा आहे. शिवाय कुरकुंभ व रांजणगावच्या औद्योगिक वसाहतींत परप्रांतीय कुटुंबेही आहेत. भोजपुरी बोलणाऱ्या आईच्या मुलाला मराठी बालगीताने कसला धीर येणार? धीर येतो तो ओळखीच्या आवाजाने. गी पॉइटव्हिन व हेमा राईरकर यांच्या प्रयत्नांतून जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या संग्रहित झाल्या. त्या गाणाऱ्या बायाबापड्यांना कोणी गायिका म्हटले नव्हते. तो आवाज घरोघर आहे. फक्त वॉर्डाच्या दाराशी तो अडतो.

काही वर्षांपूर्वी एका रुग्णालयात माझ्या भाचीला सलाइन लावताना तिच्या आईला बाहेर उभे केले होते. दाराआडून तिने अंगाई धरली, तर 'गप्प बसा' म्हणून दटावणी झाली. परिचारिकेला दोष देववत नाही. तिच्या वाट्याला खाटाच फार होत्या.

म्हणून मागणी एवढीच आहे: सुई टोचताना आईला किंवा आजीला मुलाजवळ बसू द्यावे, हलक्या आवाजात गाऊ द्यावे आणि मूल शांत होईतो दोन मिनिटे थांबावे. अत्यवस्थ मुलासाठी अर्थातच थांबता येणार नाही. एरवी यासाठी निविदा लागत नाही. दोन्ही गावच्या रुग्ण कल्याण समित्यांनी पुढील बैठकीत तसा ठराव करून तो बालरुग्णांच्या खोलीबाहेर लावावा.