सीएनजीला २०० बारला उतरवता, ३१० बार मुलांच्या हातात देता

रविवारच्या पुरवणीतला पावसाळी सहलींचा लेख वाचला. पेंटबॉलला त्यात पाऊण पान दिलंय. गोळी लागली की किती दुखतं, कपडे कुठले घालावेत, भजी कुठे चांगली मिळतात, सगळं आहे. बंदुकीच्या मागे जी टाकी जोडलेली असते तिच्याबद्दल अवाक्षर नाही. छायाचित्रात मात्र ती ठसठशीत दिसते, दहा-बारा वर्षांच्या मुलाच्या खांद्याला टेकलेली.

माझी उभी नोकरी भोसरीत सिलिंडर तपासण्यात गेली. त्यामुळे माझी नजर आधी टाकीवरच्या तारखेकडे जाते, आणि या पत्राचा विषय तेवढाच आहे.

गाडीत सीएनजी भरताना पंपावर सगळ्यांना खाली उतरवतात. आजी असो, कडेवरचं पोर असो, भर पावसात उतरा म्हणतात. बरोबरच आहे. त्या सिलिंडरमध्ये २०० बार दाब असतो. दर तीन वर्षांनी त्याची हायड्रोटेस्ट करावी लागते, गाडीवर प्लेट लावावी लागते, आणि तारीख उलटली असेल तर पंपवाल्याने गॅस भरायचाच नाही असा नियम आहे. आता पेंटबॉलची कार्बन फायबरची टाकी घ्या. तिच्यात ४५०० पीएसआय, म्हणजे ३१० बार. सीएनजीच्या दीडपट! ती मुलाच्या गालाशी असते आणि पालक पाच फुटांवर उभे राहून व्हिडिओ काढत असतात.

मावळातल्या एका रिसॉर्टवर नातवंडांबरोबर गेलो होतो तेव्हा अशी एक टाकी हातात घेऊन लेबल वाचलं. निर्मितीचं साल २००८. या टाक्यांचं आयुष्य पंधरा वर्षं, आणि त्या काळात दर पाच वर्षांनी हायड्रोटेस्ट. म्हणजे ही २०२३ मध्येच बाद झालेली. त्यानंतर तिची चाचणी करायचा प्रश्नच उरत नाही, ती वापरायचीच नाही. हवा भरणाऱ्या पोराला तसं सांगितलं तर म्हणाला, "काका, हवाच आहे ती, गॅस थोडीच आहे?"

हाच समज मालकांचा आहे, आणि मला शंका आहे की तपासायला जाणाऱ्यांचाही (गेलेच कुणी तर). हवा पेटत नाही हे खरं, पण टाकी फुटते ती दाबाने. म्हणून तर हायड्रोटेस्टला आम्ही टाकीत पाणी भरतो. ४५०० च्या टाकीला ७५०० पीएसआयपर्यंत नेतो, ती किती फुगली आणि दाब काढल्यावर किती मूळपदावर आली ते मोजतो. पाणी दाबलं तरी आक्रसत नाही, त्यामुळे टाकी तडकलीच तर पाणी गळतं आणि विषय संपतो. तीच टाकी हवेने भरलेली असताना तडकली तर जवळचा माणूस वाचेलच असं मी सांगणार नाही.

भरण्याची पद्धतही पाहिली. पोराने होजचं टोक निपलला बसवलं आणि व्हॉल्व्ह सर्रकन पूर्ण उघडला. टाकी भरली तेव्हा हाताला चांगली गरम लागत होती. हवा सावकाश भरायची असते, ती यासाठीच. शिवाय गरम हवेचा काटा खोटा असतो, टाकी निवली की तो खाली येतो आणि गिऱ्हाईक 'कमी भरली' म्हणून परत येतं. पण सगळ्यात वाईट म्हणजे निपल पुसायचं फडकं कंप्रेसरच्या तेलाने माखलेलं होतं. डिझेल इंजिनात स्पार्क प्लग नसतो, दाबाने तापलेल्या हवेतच तेल पेटतं. तेच इथे निपलपाशी होऊ शकतं.

आणखी एक. ३००० पीएसआयची अॅल्युमिनियमची टाकी आणि ४५०० ची फायबरची, दोन्हींचं निपल एकच. चुकीच्या टाकीला चुकीचा दाब लावताना अडवणारं काहीच नाही, लेबल वाचणारा डोळा सोडून. 'दाब वाढला तर आधी फुटणारी सेफ्टीची चकती आहे ना' असं मालक सांगतात. ती चकती शेवटची कुणी बदलली आणि किती दाबाची बसवली, हे विचारलं की गप्प.

कार्बन डायऑक्साइडवर चालणाऱ्या बंदुकाही निर्धास्त नाहीत. टाकी बंदुकीतून काढायला पिळावी आणि टाकीच व्हॉल्व्हच्या आट्यांतून सुटून उडावी, अशाने अमेरिकेत माणसं दगावली आहेत, तिथल्या ग्राहक सुरक्षा आयोगाला जाहीर इशारा द्यावा लागला. उपाय दहा रुपयांचा आहे: व्हॉल्व्ह आणि टाकी यांवरून नेलपॉलिशची एक सरळ रेघ ओढायची. रेघ तुटलेली दिसली की व्हॉल्व्ह फिरलाय.

टाकी लहान आहे, तिला कसला कायदा, असंही ऐकलं. २०१६ चे गॅस सिलिंडर नियम ५०० मिलिलिटरच्या वरच्या सिलिंडरला लागू होतात, आणि या टाक्या ८०० ते ११०० मिलिलिटरच्या असतात. नियम राबवणाऱ्या पेसो या केंद्रीय संस्थेचं मुख्यालय दिल्लीत नाही, आपल्याच नागपुरात आहे. रिसॉर्टवाले मात्र 'आम्ही स्वतःच्या जबाबदारीवर खेळत आहोत' अशा फॉर्मवर पालकांची सही घेतात आणि मोकळे होतात. तीस वर्षांच्या आयटीवाल्याने सही केली तर त्याची जबाबदारी त्याच्यावर, समजू शकतो. नववीतल्या पोराची टाकी बाद आहे ही जबाबदारी कुणाची?

फुगेवाल्यांचं तर विचारूच नका. ऑक्टोबर २०२३ मध्ये लातुरात फुग्यांच्या गॅसचं सिलिंडर फुटलं, फुगेवाला गेला, भोवतीची मुलं जखमी झाली. चार दिवस बातम्या आल्या. आज कुठल्याही जत्रेत जा, ठिगळं मारलेली, गंजलेली सिलिंडरं तशीच उभी आहेत आणि भोवती तशीच मुलं.

जिल्हा प्रशासनाने निदान पेंटबॉलच्या टाक्यांची तरी एकदा मोजदाद करावी. बाद झालेली टाकी भंगारात देऊ नये, तिथल्या तिथे तिला आरपार भोक पाडावं. भंगारातून ती पुन्हा येते, ते मी पाहिलंय: नवा रंग, चकचकीत, आणि लेबलच्या जागी कवटीचा स्टिकर. अॅल्युमिनियमची टाकी रंगासाठी भट्टीत घातली तर धातूचा जोर जातो तो वेगळाच.

– एक निवृत्त सिलिंडर तपासनीस, भोसरी