हे कर्ज सातबाऱ्यावर लिहा!

नरकचतुर्दशीच्या पहाटे कारीट फोडावे आणि मग नव्या भाताच्या पोह्यांना बसावे, ही आमची अलिबागकडची दिवाळी. गेल्या वर्षी सणाच्या तोंडावर पोह्यांसाठी भात भिजत घातले होते, तोच एक गृहस्थ दारात आले. म्हणाले, "शहराच्या सांडपाण्याचा शुद्ध केलेला गाळ शेतात टाका. खत फुकट, वाहतूकही फुकट." मी विचारले, "त्यात काय काय आहे?" त्यांनी एक कागद पुढे केला. "सारे मर्यादेत आहे, काका!"

हा 'मर्यादेत' शब्द मोठा गोड आहे. त्याच्याशीच माझे भांडण आहे.

प्रथमच सांगतो, मी गाळाचा वैरी नाही. मातीतून आले ते मातीत परत जावे, हे शेतकऱ्याला कुणी शिकवायला नको. वडिलांनी शेणखत, पाला, कुजकी मासळी, सारे शेतात घातले. गाळातही नत्र आहे, स्फुरद आहे. पण आमच्या उकिरड्यात रंगाचा किंवा मुलाम्याचा कारखाना सांडत नव्हता. शहराच्या गटारात तो सांडू शकतो. सांडपाणी शुद्ध करताना घाण खाली बसते, आणि जड धातूंचा मोठा वाटा तिच्याबरोबर गाळात उतरतो. पाणी सुटते, गाळ अडकतो!

आता कागदाचा हिशेब पाहू. आपला १९८५ चा खत नियंत्रण आदेश शहरी कचऱ्याच्या खतात किलोमागे ५ मिलिग्रॅम कॅडमियम चालवून घेतो. ठीक. हेक्टरी १० टन खत घातले, तर कॅडमियम झाले ५० ग्रॅम. वीस वर्षे घातले, तर एक किलो! दर वर्षीचा कागद मर्यादेत, आणि शेत मात्र कर्जात.

कुणी म्हणेल, खारेपाटात समुद्र शिरूनही शेते पुन्हा पिकलीच ना? अहो, बांध नीट बांधला तर दोन-चार पावसाळ्यांत मीठ धुऊन निघते. कॅडमियम तसा धुऊन जात नाही. उलट आमच्या मातीतले तेच मीठ त्याला सैल करून रोपाच्या मुळाशी पोचवते. खाचरात पाणी उभे असले की सोमल मोकळा होतो, खाचर आटले की कॅडमियम. पण माती कोणती, पीक कोणते, याचा त्या कागदावर रकानाच नाही!

जपानात जिन्झू नदीकाठी खाणीतला कॅडमियम पाण्यावाटे भातशेतीत उतरला. बायकांची हाडे ठिसूळ झाली. त्या रोगाचे नावच 'इताई-इताई', म्हणजे 'दुखतंय, दुखतंय'. १९६८ साली सरकारने कारण मान्य केले. शेतांची माती सुधारण्याचे काम १९७९ साली सुरू झाले, ते तीस वर्षांहून अधिक चालले. ती खाण होती, गाळ नव्हे, कबूल; पण तांदूळ हा भेद जाणत नाही. अमेरिकेने १९९३ साली गाळातल्या धातूंना मर्यादा घातल्या, हेक्टरी एकूण किती चालेल हेही ठरवले. तरी तिथल्या मेन राज्याने २०२२ साली शेतात गाळ टाकणेच बंद केले. कारण न चिकटणाऱ्या तव्यांसाठी आणि पाणी न धरणाऱ्या कापडांसाठी वापरलेली, वर्षानुवर्षे न विरणारी रसायने त्या जुन्या यादीत नव्हतीच!

म्हणून माझे मागणे साधे आहे. सोसायटीच्या कर्जाचा बोजा सातबाऱ्यावर चढतो ना? मग कोणत्या गटात किती गाळ पडला, त्यातून कोणता धातू किती उतरला, हेही तिथे चढवा. आधी माती तपासा, पुढे पिकलेला तांदूळ तपासा. आणि खर्च गाळ देणाऱ्याने सोसावा, घेणाऱ्याने नव्हे.

गृहस्थांना मी हेच सांगितले. ते हसून म्हणाले, "काका, इतका हिशेब ठेवणार कोण?" मी म्हटले, "सोसायटी आमच्याकडून पै न् पैचा ठेवून घेते. तुम्हीही ठेवा, मग या."

ते अजून आलेले नाहीत. तोवर, वाचकहो, आमचे पोहे घ्या. यंदाही ते शेणखतावरचेच आहेत!