ढेकूण आणि झाकली मूठ

वर्तमानपत्राच्या या पानावर ढेकणांविषयी लिहिणे काही वाचकांना औचित्यभंगाचे वाटेल. येथे राजकारण, अर्थसंकल्प, फार तर पाणीटंचाई यांवर लिहावे, असा संकेत आहे. परंतु काही प्रश्न असे असतात, की ते चारचौघांत बोलता येत नाहीत म्हणूनच चिघळतात. ढेकूण हा त्यांपैकी एक. प्रस्तुत लेखकाला हे शहाणपण ग्रंथांतून नव्हे, स्वतःच्या चुकीतून सुचले आहे. म्हणून ती चूकच प्रथम सांगतो.

वसई रोड स्थानकाच्या पश्चिमेस एका चार मजली, सोळा बिऱ्हाडांच्या इमारतीत आम्ही राहतो. गेल्या उन्हाळ्यात मी एक जुना दिवाण स्वस्तात विकत घेतला. तीन आठवड्यांनी धाकट्या मुलीच्या दंडावर एका ओळीत लाल गांधी उठल्या. वसईत राहणाऱ्या माणसाचा पहिला संशय डासांवर जातो, तसा आमचाही गेला. एका रात्री विजेरी घेऊन गादी उलटली, तेव्हा शिवणीत काळे ठिपके आणि मसुराच्या डाळीएवढे चपटे, तपकिरी जीव दिसले. पत्नीचे पहिले वाक्य होते, "शेजारी कळता कामा नये." मीही मान डोलावली. बाजारातून औषधाचा फवारा आणून गुपचूप मारला आणि रात्री अकरानंतर तो दिवाण जिन्याखाली नेऊन ठेवला. सकाळी भंगारवाला नेईल, हा हिशेब.

सकाळी दिवाण जागेवर नव्हता. आमच्या रखवालदाराने तो फाटकाजवळच्या आपल्या खोलीत नेला होता. "सर, चांगला आहे. पोरांना झोपायला होईल," असे तो मला हसून म्हणाला. त्या क्षणी एक वाक्य बोललो असतो तर पुढचे सारे टळले असते. मी बोललो नाही. दोन महिन्यांनी त्याच्या खोलीत ढेकूण झाले, मग पहिल्या मजल्यावर झाले, आणि सोसायटीच्या सभेत "घाण कोणी आणली" याचा शोध सुरू झाला. बोट अर्थातच रखवालदाराकडे वळले. त्याला खोली सोडावी लागेल, असे एक सभासद म्हणाले. त्या सभेत मी हजर होतो आणि गप्प होतो.

मी अर्थशास्त्र शिकवतो. दरवर्षी पदवीच्या वर्गात 'बाह्य परिणाम' या संकल्पनेवर दोन तासिका घेतो. पिगू या ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञाने १९२० साली तिची जी मांडणी केली, तिचा गाभा साधा आहे: एखाद्याच्या व्यवहाराची किंमत जेव्हा त्याला न द्यावी लागता तिसऱ्यालाच द्यावी लागते, तेव्हा बाजार आपोआप योग्य निर्णय देत नाही. उदाहरण म्हणून मी नेहमी कारखान्याच्या धुराचे देत आलो. माझ्या स्वतःच्या जिन्याखालचा दिवाण हा तोच धूर होता, हे मला त्या सभेत बसल्यावर कळले.

शत्रूची ओळख आता करून घ्यावी. ढेकणाला पंख नाहीत, त्याला उडी मारता येत नाही. तो चालतो आणि प्रवास मात्र आपल्या खर्चाने करतो: वळकटीतून, बॅगेतून, जुन्या लाकडी सामानातून. त्याचे अन्न केवळ रक्त. अंड्यातून निघालेल्या पिल्लाला पाच वेळा कात टाकावी लागते आणि प्रत्येक वेळी त्यासाठी एकदा तरी रक्त प्यावे लागते. मादी आयुष्यात शेकडो अंडी घालते. उबदार हवेत ती आठवडा-दहा दिवसांत फुटतात. उपाशीपोटी हा प्राणी कित्येक महिने काढू शकतो. म्हणून "खोली महिनाभर बंद ठेवली" हा उपाय नव्हे. मुख्य म्हणजे तो घाण खात नाही. अस्वच्छतेचा त्याच्याशी संबंध एवढाच, की अडगळीत त्याला लपायला जागा अधिक मिळते. २०१० च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये आणि २०२३ साली पॅरिसमध्ये ढेकणांनी जो हलकल्लोळ माजवला, त्यातून चांगली हॉटेलेही सुटली नाहीत. घरात ढेकूण होणे ही गृहिणीची नालस्ती आहे, हा आपला समज सर्वस्वी खोटा आहे.

मागच्या पिढीला ढेकणांची लाज कमी होती. घरोघरी मातीच्या चुली, तसे घरोघरी ढेकूण. रविवारी चाळीच्या गच्चीवर खाटा निघत, सांध्यांत उकळते पाणी ओतले जाई, कोणी रॉकेल घाली. पुढे 'टिक-ट्वेंटी'ची बाटली आली. ती ढेकणांसाठी घरात येई आणि तिचे नाव मात्र आत्महत्यांच्या बातम्यांत वाचायला मिळे. १९५३ साली राष्ट्रीय मलेरिया नियंत्रण कार्यक्रम सुरू झाल्यावर भिंतींवर डीडीटी मारली जाऊ लागली. पण हवाई बेटांवर १९४७ सालीच डीडीटीला न जुमानणारे ढेकूण आढळले होते. आज वापरात असलेल्या पायरेथ्रॉइड वर्गातील औषधांचीही गत बऱ्याच ठिकाणी तीच आहे. औषध अर्धवट मारावे, उरलेल्यांनी वंश वाढवावा आणि पुढच्या वेळी औषध लागू पडू नये, असे हे चक्र आहे. चाळ गेली, गच्ची कुलपात गेली, आणि सार्वजनिक असलेला प्रश्न बंद दारांआड खासगी झाला.

वसई-विरारमध्ये या प्रश्नाला खास धार आहे. चार नगरपरिषदा आणि भोवतालची गावे मिळून २००९ साली येथे महानगरपालिका झाली. २०११ च्या जनगणनेत तिची लोकसंख्या बारा लाखांवर होती. हे शहर मुख्यतः स्थलांतराने वाढले. मुंबईच्या चाळीतली खोली विकून नालासोपाऱ्यात आलेले कुटुंब जुने कपाट बरोबर आणते. अकरा महिन्यांच्या करारावर राहणारा भाडेकरू दरवर्षी बिऱ्हाड हलवतो. वालीव, सातिवली, गोखिवऱ्याच्या औद्योगिक वसाहतींत काम करणारी माणसे एका खोलीत दाटीने झोपतात, आणि पाळ्या बदलतात तेव्हा एकाच अंथरुणावर माणूस बदलतो. जेथे सामान आणि माणसे इतकी हलतात, तेथे ढेकणाला वाहनाची वाण नाही.

जुन्या वस्तूंच्या आणि भाड्याच्या घरांच्या बाजाराचा दोष अकरलॉफ यांनी १९७० साली दाखवून दिला होता: वस्तूतील खोट विकणाऱ्याला ठाऊक असते, घेणाऱ्याला नसते. घरमालक बोलत नाही, दलाल बोलत नाही, जुने सामान विकणारा तर नाहीच. झाकली मूठ सव्वा लाखाची खरी, पण येथे सव्वा लाख मूठ झाकणाऱ्याचे आणि ढेकूण घेणाऱ्याचे, अशी वाटणी होते. यावर उपाय माहिती उघड करण्याचा. न्यूयॉर्कमध्ये २०१० पासून नव्या भाडेकरूला घरातील ढेकणांचा पूर्वेतिहास लेखी कळवणे घरमालकास बंधनकारक आहे. फ्रान्समध्ये २०१८ च्या कायद्याने भाड्याचे घर उपद्रवी किड्यांपासून मुक्त असले पाहिजे, अशी अट घातली. आपल्याकडील करारनाम्यात रंगसफेदीपासून नळाच्या तोटीपर्यंत सारे लिहिलेले असते. तेथे हे एक कलम घालायला नव्या कायद्याचीही गरज नाही.

घरापुरते काय करावे? जुने लाकडी सामान घरात घेण्यापूर्वी त्याचे सांधे, खिळ्यांची भोके आणि गादीच्या शिवणी विजेरीने पाहाव्यात. प्रवासाहून आल्यावर बॅग पलंगावर ठेवू नये. कपडे थेट गरम पाण्यात घालावेत. उष्णता हे खात्रीचे औषध आहे: सुमारे पन्नास अंशांपुढे ढेकूण व त्याची अंडी टिकत नाहीत, मात्र ती उष्णता आतपर्यंत पोचली पाहिजे. गादी नुसती उन्हात टाकली तर ते सावलीच्या बाजूला सरकतात. पलंग भिंतीपासून दूर ठेवावा, पायांखाली साबणाच्या पाण्याच्या वाट्या ठेवाव्यात आणि ते पाणी रोज बदलावे, नाहीतर ढेकणांऐवजी डास पोसले जातील. फवारणी एकदा करून भागत नाही. अंडी फुटल्यावर, दहा-पंधरा दिवसांनी, पुन्हा करावी लागते. फवारणी करणाऱ्याकडे १९६८ च्या कीटकनाशक कायद्याखालचा परवाना आहे का, हे विचारण्यात संकोच नको.

आणि एक गोष्ट कदापि करू नये. धान्य साठवणीतल्या ॲल्युमिनियम फॉस्फाईडच्या गोळ्या ढेकणांसाठी घरात ठेवू नयेत, कोणी 'स्वस्तात' ठेवतो म्हणाला तर ठेवू देऊ नयेत. हवेतील ओलाव्याने त्यांतून फॉस्फिन वायू सुटतो; तो भिंतीच्या फटींतून शेजारच्या खोलीतही जातो आणि त्यावर उतारा नाही. त्याने झोपेत माणसे, विशेषतः लहान मुले, दगावली आहेत. ढेकणाच्या चावण्याने मात्र कोणाला रोग जडल्याचे सिद्ध झालेले नाही. खाज, जागरण आणि मनस्ताप यांच्यावर मृत्यूचा उतारा शोधणे हे लाजेचेच टोक आहे.

ढेकणाने रोग पसरत नाही, म्हणूनच सरकारी यादीत त्याला स्थान नाही. डासांसाठी धूरफवारणीची गाडी येते, ढेकणांसाठी येत नाही. येथे आक्षेप येईल, की ज्या शहरात पावसाळ्यात रस्ते पाण्याखाली जातात, तेथे ढेकणांचे कौतुक कशाला? आक्षेप चुकीचा नाही. पण नाले आणि जलवाहिन्या यांना कोट्यवधी रुपये लागतात. ढेकणांच्या बाबतीत महानगरपालिकेकडून माफक अपेक्षा आहेत: टाकाऊ गाद्या व लाकडी सामान उचलण्याचा ठरलेला दिवस, परवानाधारक फवारणीवाल्यांची यादी प्रभाग कार्यालयात, आणि कामगारवस्त्यांसाठी सवलतीची फवारणी. उरलेले काम सोसायट्यांचे. एका घराने औषध मारले की ढेकूण भिंतीपलीकडे जातात. सोळा घरांनी एकाच आठवड्यात मारले तर त्यांना जायला जागा उरत नाही. हा खर्च देखभाल निधीतूनच व्हावा. त्यात रखवालदाराची खोली आधी धरावी, शेवटी नव्हे.

आमच्या इमारतीत हे घडले, पण उशिरा. पुढच्या सभेत मी उठून सांगितले, की तो दिवाण माझा होता आणि ते मला ठाऊक होते. क्षणभर शांतता पसरली. मग तिसऱ्या मजल्यावरचे एक निवृत्त गृहस्थ म्हणाले, "आमच्याकडेही दिवाळीपासून आहेत." त्यांच्यामागून आणखी चार घरे बोलली. सोळांपैकी सहा घरे महिनोन्‌महिने आपापल्या मुठी झाकून बसली होती, आणि दोष मात्र ज्याला मूठ झाकायला दारही धड नाही, त्या एकट्याच्या पदरात टाकून मोकळी झाली होती.

रखवालदार आजही त्याच खोलीत आहे. त्याला मी नवा पलंग घेऊन दिला. तो त्याने घेतला; परंतु घेताना त्याने आधी पलंग उलटा करून सांधे पाहिले. मी उभा राहून ते पाहत होतो. तसे पाहण्याचा त्याला पूर्ण अधिकार होता.