ओढेल, पण पेलेल का?

ते रील तुमच्याही फीडवर येऊन गेलं असेल. अमेरिकेतला सरळसोट हायवे, पुढे चकाचक पिकअप ट्रक, मागे बेडरूम-किचन-बाथरूमसकट अख्खं घर, आणि खाली कमेंट्समध्ये 'लाइफ गोल्स'चा पाऊस. त्या घराला तिकडे 'फिफ्थ व्हील' म्हणतात. तुमचा एखादा दादा एमएससाठी तिकडे गेला असेल आणि नोकरी लागल्यावर असलं काही घ्यायच्या विचारात असेल, तर हे पान त्याला फॉरवर्ड करा. कारण ही जोडी निवडताना लोक बहुतेक वेळा चुकीच्या आकड्याकडे बघतात.

आधी नावाचं बघू. पाचवं चाक म्हणून शोधायला गेलात तर सापडणार नाही. घोडागाडीचा पुढचा आस वळावा म्हणून त्यावर एक आडवं चाक बसवायचे, तिथून हे नाव आलं. उरणच्या रस्त्यावर जेएनपीटीतून निघणारे कंटेनर ट्रेलर बघा. ट्रेलरचं पुढचं टोक ट्रकच्या पाठीवरच्या लोखंडी तबकडीवर टेकलेलं दिसेल. जोड तोच. विमानं बनवणाऱ्या ग्लेन कर्टिस यांनी १९२० च्या दशकात याच पद्धतीचा प्रवासी ट्रेलर काढला होता, म्हणजे कल्पना तशी जुनीच.

खरी गोम या 'टेकलेलं' शब्दात आहे. कोल्हापूर-सांगलीकडच्यांनी उसाच्या चारचाकी ट्रॉल्या डोळ्यांसमोर आणाव्यात. तिथे उसाचं वजन ट्रॉलीच्या चाकांवर असतं, ट्रॅक्टर फक्त ओढतो. फिफ्थ व्हीलमध्ये ट्रकला ओढायचंही असतं आणि ट्रेलरच्या वजनाचा साधारण पाचवा हिस्सा पाठीवर पेलायचाही असतो. याला म्हणतात पिन वेट. जाहिरातीत मात्र मोठ्या अक्षरात काय छापतात? ओढण्याची क्षमता.

तो आकडा खोटा नसतो हां. बहुतेक कंपन्या तो 'एसएई जे२८०७' या ठरलेल्या पद्धतीने काढतात. त्यात ॲरिझोनातला डेव्हिस डॅमचा चढ ठरावीक वेगाच्या खाली न येता चढून दाखवावा लागतो. पण एक तर तो आकडा विशिष्ट इंजिन, विशिष्ट गिअर रेशो असलेल्या मॉडेलचा असतो. आणि दुसरं म्हणजे, तुमचा प्रश्न वेगळाच असतो. पाठीवर किती घेता येईल, याचं उत्तर ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर चिकटवलेल्या छोट्याशा स्टिकरवर असतं: माणसं आणि सामान मिळून एवढ्या पौंडांच्या वर जाऊ नका. हाच पेलोड. तो प्रत्येक गाडीचा वेगळा, त्यामुळे ब्रोशर नको, दार उघडा.

आता हिशोब करू, अवघड नाहीये. समजा ट्रेलरचं कमाल वजन १२,००० पौंड. ('रिकामं वजन' धरू नका. ५० गॅलन पाणी भरलं की तेच चारशे पौंडांच्या वर जातं, कपडे-भांडी वेगळी.) त्याचे २० टक्के म्हणजे २,४०० पौंड, आपल्या भाषेत जवळपास १,०९० किलो. एका स्विफ्टपेक्षा जास्त! त्यात हिचचे दोनशेक पौंड, दोन माणसं, कुत्रा, हत्यारांची पेटी मिळून पाचशे. झाले ३,१०० पौंड. एफ-१५०सारख्या 'हाफ टन' ट्रकच्या स्टिकरवर बऱ्याचदा दीड-दोन हजार पौंडांच्या आतबाहेरचा आकडा असतो. जाहिरात म्हणते हा ट्रक १३,००० पौंड ओढतो. ओढेलही. पण पाठ मोडतेय त्याचं काय?

मग लोक एक पायरी वर जातात, एफ-२५० वगैरे, तेही डिझेल, कारण डिझेल म्हणजे ताकद. इथे गंमत आहे. या वर्गातल्या अनेक ट्रकना एकूण वजनाची १०,००० पौंडांची मर्यादा असते. डिझेल इंजिन पेट्रोलपेक्षा कितीतरी जड, ते वजन त्याच मर्यादेतून वजा होतं आणि पेलोड घटतो. वरच्या हिशोबाला 'वन टन' ट्रकच हवा, मोठ्या घराला मागे चार चाकं असलेला. एअरबॅग टाकून मागची बाजू उचलून धरणारे भेटतील. त्याने ट्रक सरळ दिसतो, मर्यादा वाढत नाही.

ट्रकचा हौदा आखूड असेल तर अरुंद वळणावर ट्रेलरचा कोपरा केबिनच्या काचेत घुसू शकतो, तिथे सरकणारा हिच लागतो. टेक्सासमध्ये गाडी-ट्रेलर मिळून २६,००० पौंडांच्या वर आणि ट्रेलर १०,००० च्या वर गेला की वेगळं लायसन्स लागतं; इतर राज्यांचे नियम आपापले.

आमचं म्हणणं इतकंच की खरेदीचा क्रम उलटा करा. आधी घर ठरवा, मग त्याचं पिन वेट काढा, ट्रक शेवटी. आणि विकणाऱ्यांनी ओढण्याच्या आकड्याशेजारी तेवढ्याच अक्षरात पेलोड छापायला काय हरकत आहे? स्टिकर दारावर आहेच, तो शोरूममधल्या बोर्डावर आणायला शाई जास्त लागणार नाही. जास्त भरलेल्या ट्रकचे टायर तापतात, उतारावर ब्रेक पुरत नाहीत, आणि त्या वेळी पुढच्या लेनमध्ये असतं दुसऱ्याच कुणाचं कुटुंब, ज्याने ते रील लाइकसुद्धा केलेलं नसतं.

दादाने ट्रक आधीच घेऊन टाकला असेल, तर त्याला सांगा, सगळं सामान भरून, ट्रेलर जोडून ट्रक स्टॉपवरच्या वजनकाट्यावर जा. तिकडच्या 'कॅट स्केल'वर पुढच्या चाकांचं, मागच्या चाकांचं आणि ट्रेलरचं वजन वेगवेगळं छापून मिळतं. ती चिठ्ठी आणि दारावरचा स्टिकर, दोन्हींचे फोटो मागवून घ्या. वजाबाकी तुम्ही इथे बसूनही करू शकता.