यंत्र घ्या, पण आधी मीटरला विचारा



मृगाचा पाऊस पडतो, वाफसा येतो, आणि नेमकी त्याच सकाळी पेरणीयंत्राच्या पेटीची पट्टी तुटते. तालुक्याच्या वेल्डिंगवाल्याकडे आधीच रांग. आपला नंबर तिसऱ्या दिवशी. तोवर जमीन वरून वाळते, नाहीतर दुसरा पाऊस येऊन चिखल होतो. कोरडवाहू शेतीत जोड पाच मिनिटांचा आणि नुकसान वर्षाचे. म्हणून वेल्डिंगचे यंत्र गावात हवेच. वाद आहे तो कोणते घ्यायचे याचा.

दुकानदार मिग यंत्रावरचे स्टिकर दाखवतो: २०० अँपिअर, घरच्या विजेवर चालते, एका हाताने उचला. आम्ही शेतकीची पदवी घेतलेली माणसे. तरीही एका गावच्या गटाला आम्ही स्टिकर वाचूनच यंत्र घ्यायला लावले. पहिल्याच जाड पट्टीला घरातला एमसीबी पडला. चूक आमची होती. ती पुन्हा कोणी करू नये म्हणून हिशेब मांडतो.

घरातला मोठा पिन १६ अँपिअरचा. २३० व्होल्ट गुणिले १६, म्हणजे ३,६८० वॅट. आता २०० अँपिअरने मिगचा जोड मारायचा तर टोकाशी सुमारे २४ व्होल्ट लागतात. २०० गुणिले २४, म्हणजे ४,८०० वॅट. यंत्र स्वतः खाते ते वेगळेच. ३,६८० च्या विहिरीतून ४,८०० ची मोट कशी भरणार? त्या पिनवर खरे काम होते ते १००-११० अँपिअरचे, आणि तेही व्होल्टेज पूर्ण असेल तेव्हा. संध्याकाळी गावातले दिवे मिणमिणायला लागले की तेवढेही नाही. त्यात शंभर फुटांची दीड चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर जोडली, तर १६ अँपिअरला आणखी १२ व्होल्ट वाटेतच जिरतात.

म्हणून दुकानात पहिला प्रश्न असा विचारा: हे यंत्र किती कमी व्होल्टेजवर चालते? २३० च्या खाली १५ टक्के म्हणजे साधारण १९५. तुमच्या घरी पेरणीच्या दिवसांत त्याहून कमी येत असेल, तर ते यंत्र तुमचे नाही. आठ दिवस मीटर लावून व्होल्टेज लिहून ठेवा, मगच दुकानाची पायरी चढा.

दुसरा प्रश्न ड्युटी सायकलचा. १०० अँपिअरला ६० टक्के, याचा अर्थ दहा मिनिटांत सहा मिनिटे काम आणि चार मिनिटे विश्रांती. हा आकडा ४० अंश तापमानाला धरलेला असतो. आमच्याकडे वैशाखात पारा ४५ वर जातो, तेव्हा यंत्र त्याआधीच थांबेल. टक्के सांगायला टाळाटाळ करणाऱ्याकडून यंत्र घेऊ नका.

तिसरा प्रश्न वाऱ्याचा. मिग ही पद्धत १९४८ साली अमेरिकेत ॲल्युमिनियम जोडण्यासाठी निघाली. ती छपराखालची विद्या आहे. तिचा गॅस बांधावरचा वारा उडवून नेतो आणि जोडात भोके पडतात. शिवाय सिलिंडर भरायला पुन्हा शहराच्या चकरा. आपल्याला हवी ती पोटात पावडर असलेली, बिनगॅसची फ्लक्स कोअर तार. ही तार लावताना गनचे टोक वजाला जोडावे लागते, आणि गॅस वापरताना अधिकला. ही अदलाबदल ज्या यंत्रात होत नाही ते परत करा. तार ओढायला दातेरी रोलरही मागून घ्या.

कोणी म्हणेल, काडीचे साधे वेल्डिंग असताना हे लाड कशाला? प्रश्न रास्त आहे. जाड, गंजलेल्या, मातकट लोखंडाला काडीच बरी. पण दीड-दोन मिलिमीटरच्या पेटीच्या पत्र्याला शिकाऊ हाताने काडी लावली की भोक पडते, तिथे तार कामाला येते. म्हणून काडी आणि तार दोन्ही चालवणारे यंत्र घ्या. आणि त्याच्याकडून चमत्काराची अपेक्षा करू नका. दोन ते चार मिलिमीटर नीट जुळेल. सहा मिलिमीटरला कडा घासून दोन-तीन थर द्यावे लागतील. कमानपट्ट्याची पास तापवल्याशिवाय जोडली तर तडकेल. तिला आधी गरम करा आणि नंतर राखेत हळू निवू द्या. गावच्या लोहाराला हे आपल्यापेक्षा जास्त कळते. यंत्र त्याच्या सल्ल्याने घ्या, त्याला बाजूला सारून नको.

वीजबिलावरचा मंजूर भार पाहा. तो १ किलोवॅट असेल तर आधी वाढवून घ्या. घरगुती जोडणीवर पैसे घेऊन लोकांची कामे केली, तर २००३ च्या वीज कायद्याचे कलम १२६ अंगावर येऊ शकते. अर्थिंग खरे आहे का ते तपासा. तिसरी पिन नुसती शोभेची नसते.

आणि एक गोष्ट मोठ्या अक्षरांत लिहून यंत्रावर चिकटवा: कापूस आणि कडब्याच्या गंजीजवळ ठिणगी नको. वर्षाचे पीक एका ठिणगीत जाते. डिझेलची टाकी आणि औषधाचा पिंप यांना हात लावू नका. ट्रॅक्टरला जोड मारण्याआधी बॅटरी सोडा. डोळ्यांना काळी काच हवीच, बघ्यांना दूर ठेवा.

यंत्र विकणाऱ्याला आपला खिसा दिसतो, आपला मीटर दिसत नाही. तो आपणच पाहायचा. येत्या जिल्हा बैठकीला येताना प्रत्येक गावाने दोन गोष्टी आणाव्यात: आठ दिवसांच्या व्होल्टेजचा कागद आणि गेल्या पेरणीत तुटलेले एक लोखंड. स्टिकर घरी ठेवा. या दोन गोष्टी समोर ठेवून यंत्र ठरवू.