रेंज आहे का रेंज?

वीकेंडचा सध्याचा हॉट फंडा माहितीये ना? 'नो नेटवर्क, नो टेन्शन!' भंडारदरा म्हणा, वेल्हे म्हणा, कुठलंतरी कौलारू होम-स्टे शोधायचं, शुक्रवारी संध्याकाळी बॉसला 'तिकडे रेंज नसते सर' असा मेल टाकायचा आणि दोन दिवस गायब! पिठलं-भाकरी, चांदणं आणि फोन बॅगेच्या तळाशी. याला म्हणायचं डिजिटल डिटॉक्स. आणि त्यासाठी आपण चक्क पैसे मोजतो.

वाईट काही नाही त्यात. आठवडाभर स्क्रीनकडे बघून डोळ्यांचं भरीत झालेलं असतं, तेव्हा हक्कच आहे आपला. पण आपल्याला गरम भाकरी वाढणाऱ्या मावशींचं डिटॉक्स बाराही महिने चालू असतं, त्याचं काय? ते त्यांनी निवडलेलं नसतं.

'गावात नेट हवंय कशाला? शांत आहे तेच बरं' असं म्हणणारे आपल्यात बरेच भेटतात. एकेकाळी हे खपून गेलं असतं. पण आता जरा यादी बघा. रेशनच्या दुकानात पॉस मशिनवर अंगठा लावायचा, आणि तो अंगठा कोणाचा हे ओळखायला मशिनला नेट लागतं. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी आली. म्हणजे शेतात काय पेरलंय हे शेतकऱ्यानं स्वतः मोबाइलवर नोंदवायचं, फोटोसकट. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये शाळा-कॉलेजं मोबाइलवर गेली, तेव्हा कोकणातली मुलं रेंजसाठी डोंगर चढत होती. जानेवारी २०२३ पासून रोजगार हमीच्या कामांवरच्या मजुरांची हजेरी ॲपवर घेणं सक्तीचं झालं, दिवसातून दोनदा फोटो काढून. हजेरी अपलोड झाली नाही की मजुरी अडकली. घाम गाळलाय, काम झालंय, पण सर्व्हरला ते माहीत नाही!

आपल्याकडे नेट गेलं तर मॅचची ओव्हर चुकते, फार तर एखादा कॉल कट होतो. तिकडे नेट गेलं तर धान्य थांबतं. रांगा वाचाव्यात म्हणून सगळं ऑनलाइन केलं, पण रेंज नसलेल्या गावात रांग वाचलेलीच नाही. ती फक्त टेकडीवर जाऊन लागते.

आता म्हणाल, सरकार काय झोपलं होतं का? तर नाही. ऑक्टोबर २०११ मध्ये केंद्र सरकारनं एक जंगी योजना मंजूर केली. देशातल्या सुमारे अडीच लाख ग्रामपंचायतींपर्यंत ऑप्टिकल फायबर न्यायची, प्रत्येकीला १०० एमबीपीएस द्यायचे. मुदत? अवघी दोन वर्षं! ती मुदत आली आणि गेली, मग आणखी मुदती आल्या आणि गेल्या. २०१५ मध्ये योजनेचं 'भारतनेट' असं नवं बारसं झालं. महाराष्ट्रात पुढच्या टप्प्याचं काम 'महानेट' या नावानं राज्यानं हाती घेतलं. २०२५ पर्यंत सरकारी हिशेबानं सुमारे २ लाख १४ हजार ग्रामपंचायती 'सेवेसाठी सज्ज' झाल्या.

मग झालं की! थांबा, खरी गंमत पुढेच आहे. सज्ज म्हणजे काय? तालुक्याच्या ठिकाणाहून निघालेली फायबर ग्रामपंचायतीच्या ऑफिसात येते आणि तिथल्या एका डब्याला जोडली जाते. इथपर्यंत आली की सरकारच्या नकाशावर ठिपका पडतो. डब्याच्या पुढे काय? गट ग्रामपंचायत असेल तर वाड्या आणि पाडे चार-पाच किलोमीटर लांब. लाइट गेली, बॅटरी उतरली की डबा बंद. कुठे रस्ता रुंदीकरणात जेसीबीनं केबल उखडली की काम तमाम! शिवाय पहिल्या टप्प्यांत ही जोडणी माळेसारखी होती. मधे एक जागा तुटली की पुढची सगळी गावं आंधळी. दुरुस्तीचा माणूस तालुक्याला, तिथे तक्रार पोहोचवायची ती फोनवर, आणि फोनला रेंज नाही!

हे दिल्लीला कळलं नाही असंही नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्रानं सुमारे १ लाख ३९ हजार कोटींचा सुधारित कार्यक्रम मंजूर केला. त्यात माळेऐवजी रिंग, म्हणजे एका बाजूनं केबल तुटली तर दुसऱ्या बाजूनं सिग्नल यावा. आणि दहा वर्षांच्या देखभालीचा खर्च आधीच धरलेला. देखभाल हा शब्द इतक्या ठळकपणे यायला बारा वर्षं लागली, बोला!

आपल्याकडचं एक उदाहरण तर तुम्ही पाहिलंही आहे. मेळघाटातलं हरिसाल. २०१६ मध्ये राज्य सरकार आणि मायक्रोसॉफ्ट यांनी मिळून हे 'डिजिटल व्हिलेज' घडवायला घेतलं. टीव्हीसाठी राखलेल्या पण न वापरलेल्या लहरींवरून नेट न्यायचं, भारी टेक्नॉलॉजी होती. पुढे २०१९ च्या लोकसभा प्रचारात राज ठाकरेंनी 'लाव रे तो व्हिडिओ' म्हणत हरिसालचं चित्र वेगळंच असल्याचं दाखवलं, तर भाजपनं उलट व्हिडिओ लावून उत्तर दिलं. कोण खरं यावर आपण ऑफिसच्या कँटीनमध्ये तावातावानं भांडलो. पण ते व्हिडिओ हरिसालमध्ये न अडकता दिसत होते का, हे विचारायचं राहूनच गेलं!

माझं म्हणणं एवढंच, की आजवर आपण डबे मोजले, चालू घरं मोजली नाहीत. उद्घाटनाला फीत असते, नारळ असतो, फोटोग्राफर असतो. रात्री साडेनऊला पावसात केबल जोडणाऱ्याला यातलं काही नसतं. खरा हीरो मात्र तोच.

आठवा, नव्वदच्या दशकात घराघरात केबल टीव्ही कसा गेला? सरकारी योजना नव्हती. गल्लीतला केबलवाला होता! गच्चीवरून वायर टाकायचा, बिघडलं की शिडी घेऊन हजर, कारण पहिल्या तारखेला त्याला पैसे मागायला यायचं असायचं. भारतनेटमध्येही उशिरा का होईना, हीच आयडिया आली. गावातल्याच कोणीतरी घरोघर कनेक्शन द्यायचं, दुरुस्ती बघायची आणि मिळणाऱ्या बिलात बीएसएनएलबरोबर निम्मा वाटा घ्यायचा. चालणार असेल तर हेच चालेल, कारण बंद पडलं की ज्याच्या खिशाला चाट बसते तोच धावत येतो.

नोव्हेंबर २०२५ मध्ये राज्य सरकारनं स्टारलिंकबरोबरही इरादापत्र केलं, गडचिरोली, नंदुरबार, धाराशिव, वाशीमसाठी. थेट उपग्रहावरून नेट! ऐकायला एकदम झकास. पण आकाशातून आलेल्या नेटलाही गावात छत्री बसवणारा, वीज बघणारा, बिल घेणारा माणूस लागणारच आहे.

आणि हो, 'यात आपला काय संबंध' असं म्हणू नका. मोबाइल कंपन्या त्यांच्या उत्पन्नातले पाच टक्के एका सरकारी निधीत भरतात, खास या कामासाठी. आधी त्याचं नाव 'यूएसओ फंड' होतं, २०२४ पासून 'डिजिटल भारत निधी'. कंपन्यांचं उत्पन्न येतं कुठून? तुमच्या-माझ्या रिचार्जमधून! म्हणजे गावाकडच्या त्या डब्यात आपलेही चार पैसे आहेत.

तेव्हा एक छोटं काम करा. आपल्यातल्या निम्म्यांचं कुठेतरी गाव आहे. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या दिवशी ग्रामसभा भरतात, आणि नेमकी ऑफिसला सुट्टी असते. जोडून रजा टाकून गावी जालच, तर अर्धा तास ग्रामसभेत बसा. भाषण नको. तीनच प्रश्न विचारा: डबा चालू आहे का? कनेक्शन किती घरांत गेलंय? बंद पडलं तर कोणाला सांगायचं? तिसऱ्या प्रश्नाला एखाद्या माणसाचं नाव मिळालं, तर गावात नेट टिकेल. 'वर कळवलंय' असं उत्तर आलं, तर पुढच्या ग्रामसभेचं तिकीट आत्ताच काढून ठेवा!