तिकिटे किती फाटली?

2023 सालच्या कमाईच्या याद्या सगळीकडे लागल्या आहेत. पहिल्या ओळीवर वाद नाही: 7 सप्टेंबरला आलेला ॲटलीचा ‘जवान’. वाद सुरू होतो दुसऱ्या ओळीपासून. देशातली नेट धरली तर ‘ॲनिमल’ वर येतो, जगभरची ग्रॉस धरली तर ‘पठाण’. ‘गदर 2’ देशात ‘पठाण’च्या अगदी खांद्याला खांदा लावून उभा राहतो आणि परदेशातली कमाई मिळवली की बराच मागे पडतो. ‘लिओ’, ‘जेलर’, ‘सालार’ यांच्या जागा तर छापणाऱ्यागणिक बदलतात. निर्मात्याचे पोस्टर एक आकडा सांगते, ट्रेडचा जाणकार दुसरा, आणि दोघेही आपापल्या हिशेबाने बरोबर असू शकतात. एकाने कर धरलेला असतो, दुसऱ्याने वगळलेला.

ही रक्कम आपल्यापैकी कुणाच्या हातात किती पडते, हे या अंकाच्या वाचकांना ठाऊक आहे. तरी एकदा मांडतो, कारण नव्याने निर्मितीत उतरणारे अनेकजण पोस्टरवरचा आकडा हाच आपला परतावा समजून बजेट बांधतात. प्रेक्षकाने मल्टिप्लेक्समध्ये 250 रुपये मोजले. शंभरावरच्या तिकिटाला 18 टक्के जीएसटी, तो गेला की उरले 212. पहिल्या आठवड्यात वितरकाचा वाटा निम्मा, म्हणजे 106. दुसऱ्या आठवड्यापासून हा वाटा उतरत जातो. 2009 साली निर्माते आणि मल्टिप्लेक्स यांच्यातल्या दोन महिन्यांच्या संपानंतर जो तोडगा निघाला, त्यात 50, 42.5, 37.5 आणि 30 टक्के अशी उतरंड ठरली होती आणि आजही बोलणी तिच्याच आसपास फिरतात. त्या 106 मधून प्रसिद्धीचा खर्च, डिजिटल प्रक्षेपणाचे शुल्क आणि वितरकाचे कमिशन वजा करा. निर्मात्याच्या हाती येते ते त्यानंतर.

पण ग्रॉस आणि नेट यांचा घोळ एक वेळ निस्तरता येईल. माझी खरी तक्रार वेगळी आहे. कमाईच्या यादीत रुपया आहे, माणूस नाही.

ऑरमॅक्स मीडियाच्या अहवालानुसार 2023 मध्ये भारतातली एकूण ग्रॉस 12,226 कोटी रुपये झाली. तोवरचे हे सर्वांत मोठे वर्ष. करोनाआधीच्या 2019 मध्ये हाच आकडा 10,948 कोटी होता. वाढ जवळपास बारा टक्क्यांची, आणि तिचा आनंद आपण सगळ्यांनी साजरा केला. त्याच अहवालातला दुसरा आकडा मात्र कुणी पोस्टरवर छापला नाही. 2019 मध्ये देशात सुमारे 103 कोटी तिकिटे फाटली होती, 2023 मध्ये 94 कोटींच्या आसपास. सरासरी तिकीट 106 रुपयांवरून 130 रुपयांवर गेले. चार वर्षांत आपण नऊ कोटी तिकिटे गमावली आणि ती तूट दर वाढवून भरून काढली.

हे नुकसान सगळीकडे सारखे झालेले नाही. तिकीटदर वाढवण्याची सोय महानगरातल्या मल्टिप्लेक्सला असते. तालुक्याच्या एकपडदा थिएटरला नसते. तिथला मालक शंभराच्या वर गेला की बाल्कनीसुद्धा भरत नाही. ‘पठाण’च्या वेळी बंद पडलेली काही थिएटरे पुन्हा उघडली, ‘गदर 2’ने तर उत्तरेतल्या छोट्या गावांतल्या खुर्च्या भरल्या. पण ती गर्दी चार-पाच चित्रपटांपुरती आली. एरवीच्या शुक्रवारी ही थिएटरे काय करतात, हे त्या याद्यांतून कळत नाही.

‘गदर’चेच उदाहरण घ्या. 2001 चा ‘गदर’ आणि 2023 चा ‘गदर 2’ शेजारी ठेवले तर दुसऱ्याची कमाई पहिल्याच्या कितीतरी पट दिसते. पण ट्रेडमधल्या अंदाजांनुसार पहिल्याची पाच कोटींच्या आसपास तिकिटे विकली गेली होती आणि दुसऱ्याची साडेतीन कोटींच्या आत. दिग्दर्शक अनिल शर्मा आणि नायक सनी देओल यांच्या यशाला यात कुठेही कमीपणा येत नाही. आजच्या दिवसांत साडेतीन कोटी माणसे थिएटरात आणणे हा पराक्रमच आहे. मात्र ‘सर्व काळातला सर्वांत मोठा’ हे बिरुद लावताना आपण महागाईला प्रेक्षक समजतो आहोत.

2023 च्या ऑगस्टमध्ये एक चांगली गोष्ट घडली होती. ‘जेलर’, ‘गदर 2’, ‘ओएमजी 2’ आणि ‘भोला शंकर’ एकाच आठवड्यात लागले आणि 11 ते 13 ऑगस्ट या तीन दिवसांसाठी मल्टिप्लेक्स असोसिएशन ऑफ इंडिया आणि प्रोड्यूसर्स गिल्ड यांनी संयुक्त पत्रक काढले. त्यात 390 कोटींच्या ग्रॉसच्या बरोबरीने 2 कोटी 10 लाख प्रेक्षक, असेही लिहिले होते. 13 ऑक्टोबरच्या राष्ट्रीय चित्रपट दिनी 99 रुपयांच्या तिकिटावर साठ लाखांहून अधिक लोक आले, हाही आकडा त्याच मल्टिप्लेक्सवाल्यांनी दिला. म्हणजे मोजणी होते. ती फक्त सणासुदीला बाहेर येते.

दक्षिण कोरियात ती रोज बाहेर येते. तिथल्या फिल्म कौन्सिलने देशभरची तिकीट-खिडकी एका संगणक-जाळ्यात बांधली आहे आणि चित्रपटाचे यश माणसांत मोजले जाते. एक कोटी प्रेक्षक हा तिथला मानाचा टप्पा. 2019 मध्ये तो पाच चित्रपटांनी ओलांडला. सर्वांत वर ‘एक्स्ट्रीम जॉब’ हा तिथलाच विनोदी चित्रपट होता, एक कोटी बासष्ट लाखांवर, ‘ॲव्हेंजर्स: एंडगेम’च्याही पुढे. पाचांत ‘पॅरासाइट’ही होता. फ्रान्समध्ये तर प्रत्येक तिकिटावरच्या कराचा भाग राष्ट्रीय चित्रपट केंद्राकडे जातो आणि त्यातून नव्या निर्मितीला पैसा मिळतो, त्यामुळे तिकीट मोजणे ही तिथे सगळ्यांच्याच गरजेची बाब आहे.

आपल्याकडे तांत्रिक अडचण उरलेली नाही. करमणूक कराच्या काळात रोजच्या वसुलीचा अहवाल, म्हणजे डीसीआर, थिएटरातून निघायचा आणि जिल्हाधिकारी कार्यालयाच्या करमणूक कर शाखेकडे हिशेब जायचा. 2017 मध्ये जीएसटी आला, तिकिटे संगणकावर आली, ऑनलाइन आरक्षण वाढले. आज प्रत्येक तिकिटाची नोंद कुठेतरी आहेच. ती उघड करायची इच्छा तेवढी नाही.

मराठीवाल्यांना तर याची गरज सर्वांत जास्त आहे. आपला धंदा अजूनही जुन्या सर्किटांत वाटलेला आहे. मुंबई, पुणे, कोकण, गोवा बॉम्बे सर्किटमध्ये आणि तिथेच गुजरातही. विदर्भ सीपी बेरारमध्ये, मध्य प्रदेशच्या शेजारी. मराठवाडा निझाममध्ये, हैदराबादच्या हिशेबात. नांदेड आणि जालन्यात मराठी चित्रपट किती जणांनी पाहिला, हे एका जागी सांगणारे कुणी नाही. मग पुढच्या चित्रपटाला मराठवाड्यात किती शो मागायचे, हे आपण अंदाजाने ठरवतो आणि शो कमी मिळाले की भांडतो. 2015 पासून मल्टिप्लेक्सना मराठीसाठी प्राइम टाइमचा शो राखावा लागतो. त्या शोला किती माणसे बसली, याची आकडेवारी हातात असती तर ते भांडण आपण कितीतरी अधिक ताकदीने लढलो असतो.

2023 च्या 30 जूनला आलेला केदार शिंदे यांचा ‘बाईपण भारी देवा’ आठवा. देशातली नेट पाऊणशे कोटींच्या घरात गेली म्हणून हिंदी ट्रेडने दखल घेतली. माझ्या दृष्टीने त्याहून मोठी गोष्ट अशी की भिशी मंडळे, महिला मंडळे, सासू-सुना-जावा नटूनथटून, दुपारच्या शोला, आठवड्यामागून आठवडे आल्या. यांपैकी किती बायका कित्येक वर्षांनी थिएटरची पायरी चढल्या? दर शंभर रुपये असेल तर एक कोटीच्या ग्रॉसमध्ये एक लाख माणसे असतात, अडीचशे असेल तर चाळीस हजार. तालुक्यात आणि दुपारी चालणाऱ्या चित्रपटाच्या कोटीत माणसे जास्त असतात. रुपयांच्या यादीत असा चित्रपट कायम खाली दिसणार, आणि त्या यादीकडे पाहून गुंतवणूकदार म्हणणार की मराठीला प्रेक्षक नाही.

म्हणून या मासिकाने ठरवले आहे की पुढच्या अंकापासून आमच्या मासिक तक्त्यात विकलेल्या तिकिटांचा रकाना असेल. ज्या चित्रपटाची संख्या वितरकाकडून लेखी मिळेल तीच छापू. मिळाली नाही तर रकाना कोरा ठेवू, अंदाज भरणार नाही. वितरक मित्रांना विनंती आहे की डीसीआरमधले शोनिहाय आकडे जिल्ह्यानुसार लावून पाठवा, सर्किटनुसार नको. थिएटरमालकांनी तिकिटाचा दर सोबत कळवावा. आणि निर्मात्यांनी पुढचा करार करताना त्यात एक कलम घालून घ्यावे: दर सोमवारी रकमेबरोबर तिकिटांची संख्या मिळाली पाहिजे. पहिला तक्ता अपुरा असेल. दहा चित्रपटांचे आकडे आले तरी आम्ही छापू.